वाढीव जागेचा सातबारा

खानदेशी मनुष्यास विभाजनाचे भय उरलेले नाही, याचे कारण तो ज्या भूमीवर जन्मला ती भूमीच गेली दोनशे वर्षे सरकारी कात्रीखाली नांदत आली आहे. 1818 साली पेशवाई बुडाली तेव्हा खानदेश हा एकच अवाढव्य जिल्हा होता. 1869 साली नाशिक जिल्हा उभा करावयाचा म्हणून त्याच्या अंगावरचा काही मुलूख काढून घेण्यात आला. 1906 साली उरलेल्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग होऊन एकाची कचेरी जळगावास आणि दुसऱ्याची धुळ्यास बसली. आणि 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून नंदुरबारही वेगळे निघाले. भुसावळकर आपल्या पाळीची वाट पाहत आहेत. या साऱ्या इतिहासात चिकित्सक वाचकाच्या ध्यानी येण्यासारखी गोष्ट अशी की, तुकडा पाडण्याचे काम एका राजपत्राने आटोपते. परंतु एकदा पडलेला तुकडा वाढवावयाचा झाल्यास शेजाऱ्याची हद्द मागे सारावी लागते, आणि शेजारी तर, तो जिल्हा असो की भाऊबंद असो, मागे सरत नाही. लिनक्स नामक व्यवस्थेवर चालणाऱ्या सर्व्हरच्या डिस्कचेही यथातथ्य असेच आहे, हे ज्ञान मला वयाच्या 57 व्या वर्षी, ऐन मे महिन्यात, जळगावच्या 45 अंश उष्म्यात प्राप्त झाले.

मी ज्या संस्थेत हिशेबनीस आहे तिचे नाव सांगणे शिरस्त्यास सोडून होईल. तिची मुख्य कचेरी जळगावात आणि शाखा धुळ्यात आहे, आणि दोहोंमधील स्नेहभाव 1906 सालानंतर दोन जिल्ह्यांच्या ठाण्यांत जसा असावा तसाच आहे, एवढे सांगितले म्हणजे पुरे. सर्व्हर जळगावी आहे. पूर्वी ज्या खोलीत पाण्याचे माठ ठेवीत असत, त्या खोलीत माठांची उचलबांगडी करून त्याची स्थापना झाली आणि त्याच्या डोक्यावर वातानुकूलन यंत्र बसले. तेव्हापासून चैत्र-वैशाखात सर्व्हरच्या तब्येतीची चौकशी करण्यासाठी कचेरीतील जवळजवळ प्रत्येक इसम दिवसातून चार वेळा त्या खोलीत जातो, दार लोटून घेतो आणि बराच वेळ चौकशी करून बाहेर येतो. एरवी कोणत्याही सहकाऱ्याच्या आजारपणात इतकी आस्था मी पाहिलेली नाही.

तर अशा एका सोमवारी धुळे शाखेतून दूरध्वनी आला. पलीकडचा गृहस्थ इतका गडबडला होता की कचेरीची मराठी सोडून तो एकदम घरच्या अहिराणीवर उतरला. "भाऊ, डिस्क भरी गयी! आते काय करानं?" असे त्याने विचारले, आणि मी, ज्याला डिस्क ही वस्तू भरते हेच ठाऊक नव्हते, त्याने पोक्तपणे उत्तर दिले की रीतसर अर्ज करावा. तेवढ्यात आमच्याही पडद्यावर तेच गाऱ्हाणे उमटले. व्यवस्थापकांनी 'डीएफ' ही आज्ञा देवविली. ही आज्ञा म्हणजे सर्व्हरची जमाबंदी होय: कोणत्या विभागात एकूण जागा किती, खर्ची पडली किती, शिल्लक किती, हे ती एका तक्त्यात मांडून दाखविते. तक्त्यात जळगावच्या विभागापुढे 1.4 टेराबाइट आणि त्यापुढे 100 टक्के असा आकडा होता. माझ्या अख्ख्या शालेय जीवनात 100 टक्के हा आकडा मला कधी मिळाला नव्हता. मिळाला तेव्हा तो असा मिळाला.

जागा कशाने भरली याविषयी कचेरीत फारशी जिज्ञासा दिसली नाही, आणि ते स्वाभाविकच होते, कारण प्रत्येकास आपापला वाटा ठाऊक होता. पावत्यांच्या प्रतिमा होत्या. त्या प्रतिमांच्या प्रती होत्या. प्रती हरवल्यास असाव्यात म्हणून घेतलेल्या प्रती होत्या. गेल्या हिवाळ्यात आसोद्याच्या एका मळ्यात झालेल्या भरीत पार्टीचे चलच्चित्र होते, ज्यात पऱ्हाट्यांचा जाळ पेटविण्यापासून शेवटची पुरी संपेपर्यंतचा अवघा विधी, मध्ये एक क्षणही न गाळता, तीन निरनिराळ्या दूरध्वनींवर तीन दिशांनी टिपलेला होता. यांपैकी काही काढून टाकावे असे सुचविण्याचे धैर्य कोणास झाले नाही. संग्रहाच्या या बुद्धीला आमच्याकडे थोर परंपरा आहे. गावोगाव हिंडून, वाण्याच्या दुकानी पुड्या बांधण्याच्या कामी यावयाचे कागद इतिहासाच्या कामी लावणारे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे अखेरच्या काळात धुळ्यातच राहिले, 31 डिसेंबर 1926 रोजी तेथेच निवर्तले, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ पुढल्याच वर्षी त्या शहरात उभे राहिले. आजचा क्षुल्लक कागद उद्याचे अस्सल साधन ठरू शकतो, हा धडा खानदेशाने त्यांच्यापासून घेतला. फक्त राजवाड्यांनी जे पत्रांच्या बाबतीत केले ते आम्ही भरताच्या बाबतीत करतो.

याला अपवाद एकच, आणि तो म्हणजे आमचे नाना. नाना महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले असून संस्थेत सल्लागार या नात्याने खिडकीजवळच्या खुर्चीवर बसतात. संगणकास त्यांनी आजतागायत स्पर्श केलेला नाही. डिस्क भरल्याची वार्ता ऐकून त्यांनी चष्मा पुसला आणि एवढेच विचारले, "सहाव्या गठ्ठ्याचे काय केलेत?"

ज्या वाचकांनी सरकारी नोकरी केलेली नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. महसुली कचेरीत कागद सहा गठ्ठ्यांत लावण्याची पद्धत आहे. पहिल्या गठ्ठ्यात हाताखालची प्रकरणे, दुसऱ्यात कोणाच्या तरी उत्तराची वाट पाहणारी, तिसऱ्यात नियतकालिक विवरणे, चौथ्यात स्थायी आदेश, पाचव्यात अभिलेखागारात धाडावयाची दप्तरे, आणि सहाव्यात नष्ट करावयाचे कागद. अभिलेखांचेही वर्ग आहेत: 'अ' वर्गाचा कागद कायम राहतो, 'ब' वर्गाचा 30 वर्षे, 'क' वर्गाचा 10 वर्षे, आणि 'ड' वर्गाचा एक वर्ष जगून सहाव्या गठ्ठ्यात देह ठेवतो. या क्रियेस निंदणीकरण असे शेतीतून आलेले सुंदर नाव आहे. नानांच्या प्रश्नाचा आशय हा की, तुम्ही शेत वाढवू पाहता. तण काढले काय? परंतु तण आणि पीक यांतील भेद सांगण्याची जबाबदारी कोणाच्या तरी सहीवर येते, आणि डिस्क खरेदी करण्यास व्यवस्थापक मंडळाचा ठराव पुरतो, ज्यावर कोणाच्याच सहीचा भार नसतो. सबब तीन दरपत्रके मागविण्यात आली आणि 4 टेराबाइटची नवी डिस्क खरेदी झाली.

ती डिस्क मी हातात घेऊन पाहिली. आकाराने ती साधारण एखाद्या जाडजूड पोथीएवढी. 1956 साली आयबीएम कंपनीने जी पहिली डिस्क बाजारात आणली तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या 50 तबकड्या होत्या, वजन सुमारे टनभर होते आणि तीत अवघी 50 लाख अक्षरे मावत. आमच्या पोथीत तशा सुमारे आठ लाख डिस्का मावल्या असत्या. तरीही ती आणणाऱ्या शिपायाने जडपणाची तक्रार केलीच.

डिस्क बसविण्यासाठी माझ्या भाच्यास धुळ्याहून बोलाविण्यात आले. तो पारोळा, एरंडोल करीत एस.टी.ने दुपारी दीड वाजता पोहोचला आणि घामाने निथळत, पाण्याचा पेलाही न घेता सरळ सर्व्हरच्या खोलीत शिरला. ही त्याची कार्यनिष्ठा समजून सर्वजण भारावले. मला मात्र वातानुकूलन यंत्राची ख्याती धुळ्यापर्यंत पोहोचल्याचे कळून चुकले. त्याने डिस्क खोबणीत सरकविली. सर्व्हरवर एक हिरवा दिवा लुकलुकला. व्यवस्थापकांनी नारळ फोडला, पेढे वाटले आणि डीएफचा तक्ता पाहिला. जळगाव: 100 टक्के.

"अरे, डिस्क तर बसली ना?" मी भाच्यास विचारले.

"बसली मामा. पण अजून कोणाला माहीत नाही."

हे उत्तर ऐकताच खिडकीजवळची खुर्ची करकरली आणि नाना, जे आजवर त्या खोलीच्या उंबऱ्याआत कधी आले नव्हते, ते आत येऊन भाच्याच्या मागे उभे राहिले. "बरोबर आहे," ते म्हणाले. "खरेदीखत झाले, ताबाही मिळाला, पण फेरफार कुठे झालाय?" त्या क्षणापासून पुढील दोन तास जे घडले, ते आम्हां इतरांस अगम्य आणि नानांस करतलामलकवत् होते.

गोष्ट अशी की, सर्व्हरच्या पोटात डिस्क आहे हे एका दप्तरास कळले म्हणून ते दुसऱ्या दप्तरास कळते असे नाही. जमीन विकत घेतली म्हणून तिचा सातबारा आपल्या नावे होत नाही. तलाठ्याकडे वर्दी जावी लागते, गाव नमुना सहामध्ये फेरफाराची नोंद धरली जाते, हितसंबंधी इसमांस नोटिसा जातात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि मगच सातबाऱ्यावर नाव चढते. तोवर आपण त्या शेतात उभे राहून कितीही हातवारे केले तरी कागदोपत्री तेथे आपण नसतोच. सर्व्हरमध्ये तलाठी, मंडळ अधिकारी वगैरे सर्व मंडळी आहेत. फक्त त्यांची नावे परदेशी आहेत आणि त्यांपैकी कोणी चहा घेत नाही.

भाच्याने प्रथम 'एलएसबीएलके' ही आज्ञा दिली. या आज्ञेच्या तक्त्यात नवी डिस्क 'एसडीबी' या नावाने दिसली, पण आकार मात्र 3.6 टेराबाइट. व्यवस्थापकांनी तत्काळ दुकानदारावर फिर्याद करण्याची भाषा काढली. भाच्याने समजावले की विकणारा हजारपट्टीने मोजतो आणि यंत्र 1024 च्या पट्टीने मोजते; चार पायऱ्या चढेपर्यंत या 24 चा फरक दर शंभरास नऊ इतका होतो. नाना गालात हसले. "विकणाऱ्याची साखळी नेहमी आखूड असते," ते म्हणाले. "मोजणीत जमीन वाढल्याचे माझ्या उभ्या नोकरीत एकदाच पाहिले, आणि तेव्हा मोजणीदार निलंबित झाला होता."

यानंतर 'पीव्हीक्रिएट'. या आज्ञेने डिस्कच्या आरंभी एक खूण कोरली जाते की ही जागा सामाईक व्यवस्थेत येण्यास पात्र आहे; नानांच्या परिभाषेत, हद्दीचे दगड रोवले. भाच्याने डिस्कचे आणखी विभाग न पाडता ती सगळीच्या सगळी घेतली, आणि विभाजनाच्या जुन्या तक्त्याविषयी जाता जाता अशी माहिती दिली की त्यात मुख्य विभाग चारच मांडता येतात आणि 2 टेराबाइटच्या पलीकडची जमीन मोजताच येत नाही. चारच का, असे मी विचारणार होतो. परंतु खानदेशाचेही आजवर साधारण तितकेच झाले आहेत हे आठवून गप्प बसलो.

पुढची पायरी 'व्हीजीएक्स्टेंड', आणि येथे मला थोडे सावकाश लिहिले पाहिजे, कारण या सर्व कारभारातील खरी बुद्धिमत्ता येथे आहे. 1998 च्या सुमारास हाइन्झ माउएल्सहागेन नावाच्या एका जर्मन गृहस्थाने लिनक्ससाठी ही व्यवस्था रचली. तीत प्रत्येक डिस्क स्वतंत्र न ठेवता साऱ्या डिस्का एका सामाईक साठ्यात ओततात आणि त्या साठ्यातून ज्यास जितकी गरज त्यास तितकी जागा, बहुधा चार-चार मेगाबाइटच्या वाफ्यांनी, तोडून देतात. भाच्याने हे मोठ्या अभिमानाने सांगितले, जणू अशी गोष्ट जगात प्रथमच घडली. नाना म्हणाले, "म्हणजे फड." आणि ते तंतोतंत खरे होते. पांझरेच्या काठी शेकडो वर्षे हीच पद्धत चालत आली आहे: नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या रानाचे तीन-चार फड, आणि कोणत्या फडात कोणते पीक घ्यावयाचे व त्यास किती पाणी सोडावयाचे हे गावकीने ठरवावयाचे, पाटकऱ्याने अंमलात आणावयाचे. माझे पाणी, तुझे पाणी असा भेद बंधाऱ्यात नसतो. तो फडात पोहोचल्यावर उत्पन्न होतो. नवी डिस्क साठ्यात मिसळली म्हणजे बंधाऱ्यास एक नवा ओढा येऊन मिळाला. आता उरले होते फक्त पाटाची फळी उचलणे.

ती फळी चुकीच्या पाटाची उचलली गेली.

घडले ते असे. आमच्या सर्व्हरवर दोन फड होते, जळगावचा आणि धुळ्याचा. सर्व्हर दिलेल्या प्रत्येक आज्ञेचे टिपण ठेवतो, आणि वर पाहणाऱ्या बाणाची कळ दाबली की मागची आज्ञा पुन्हा समोर येते, ज्यामुळे विद्वान माणसास तेच ते टंकण्याचे श्रम पडत नाहीत. भाच्याने याआधी एकदा, साठ्यात चार-दोन गिगाबाइट उरली असताना, ती सर्व धुळ्यास जोडून दिली होती. त्या वेळची 'एलव्हीएक्स्टेंड'ची आज्ञा, "जे काही शिल्लक असेल ते सर्व धुळ्यास" या आशयाची, टिपणात तशीच पडून होती. त्याने बाण दाबला, घाम पुसला आणि पुढली कळ दाबली.

अद्यापही काही बिघडले नव्हते, हे विशेष. कारण जागा फडास तोडून दिली तरी तेथील फाईलव्यवस्थेस, म्हणजे प्रत्यक्ष सातबारा लिहिणाऱ्या तलाठ्यास, ते कळलेले नसते. त्याचा नकाशा जुनाच असतो. डीएफ पाहिले तर जळगाव 100 टक्के. "फेरफार प्रमाणित झाला नाही," नाना म्हणाले, आणि त्यांच्या या अचूक उद्गाराने भाच्यास इतका हुरूप आला की त्याने पुन्हा एकदा बाण दाबून 'एक्सएफएस ग्रोएफएस' ही आज्ञा, तीही मागल्या खेपेचीच, फर्मावली. क्षणार्धात तक्ता बदलला. धुळे: 4.0 टेराबाइट, वापर 9 टक्के. जळगाव: 100 टक्के.

खोलीत इतकी शांतता पसरली की वातानुकूलन यंत्राचे पाणी बादलीत पडत असल्याचे ऐकू येऊ लागले. व्यवस्थापकांनी भाच्याकडे पाहून थंडपणे विचारले, "आपण मूळचे धुळ्याचेच, नाही?"

या प्रश्नातील दंश समजण्यासाठी धुळेकराचा स्वभाव माहीत असावा लागतो. 1819 साली कॅप्टन ब्रिग्ज याने नव्या धुळ्याची आखणी केली तेव्हापासून हे शहर मोजून-मापून, ओळीने बसलेले आहे. तेथील पेठेतल्या गल्ल्यांस नावांऐवजी क्रमांक आहेत. गल्ली नंबर चारमध्ये राहणारा मनुष्य पत्ता सांगताना संगणकाच्या भाषेतच बोलतो, आणि असा मनुष्य चुकून काही करील यावर जळगावात कोणाचा विश्वास बसत नाही. भाचा कितीही शपथा वाहो, हा 1906 सालचा सूड आहे, अशीच कुजबुज दुपारच्या चहापर्यंत सर्वत्र पसरली.

"हरकत नाही," व्यवस्थापक म्हणाले, "धुळ्याचे तीन टेराबाइट परत घ्या."

येथे भाच्याने खाली मान घालून जे सांगितले त्याने माझी या शास्त्रावरील श्रद्धा डळमळली. धुळ्याचा फड ज्या फाईलव्यवस्थेवर होता तिचे नाव एक्सएफएस. ही व्यवस्था सिलिकॉन ग्राफिक्स या अमेरिकन कंपनीने 1990 नंतरच्या दशकात आपल्या मोठमोठ्या यंत्रांसाठी निर्माण केली, पुढे ती लिनक्सवर आली, आणि रेड हॅट कुळातील वितरणांत 2014 पासून तीच मूळ पसंती होऊन बसली. ती वेगवान आहे, धिप्पाड फाईलींस पुरून उरते, चालू कारभारात वाढविता येते. परंतु व्यवहारतः ती लहान करता येत नाही. जळगावच्या फडावरची ईएक्सटी-4 ही जुन्या घराण्यातली व्यवस्था काम थांबवून, फड सोडवून का होईना, आखडता येते. एक्सएफएस मात्र फक्त वाढणेच जाणते. पांझराकाठचे अडाणी म्हणविले जाणारे शेतकरी पाऊस ओढला की एखादा फड बिनदिक्कत पडीक ठेवीत, पाणी दुसरीकडे वळवीत, आणि पुढल्या साली पुन्हा पेरीत. कॅलिफोर्नियात ज्यांनी ही व्यवस्था रचली त्यांनी पांझरेवर एक उन्हाळा काढला असता तर आमचा घात झाला नसता. पण खरे म्हणजे त्यांना तरी दोष का द्यावा? वाढलेले कार्यालय लहान झाल्याचे, वाढलेला भत्ता कमी झाल्याचे, किंवा वाढलेले पोट ओसरल्याचे उदाहरण मी स्वतः तरी पाहिलेले नाही.

धुळे शाखेस झाला प्रकार कळविण्यात आला. त्यांस आपल्या ऐश्वर्याची गंधवार्ताही नव्हती. पण कळविल्यावर अर्ध्या तासात त्यांचे लेखी उत्तर आले की सदर जागेवर शाखेची शांततामय वहिवाट असून ती भंग करू नये. नानांनी ते वाचून वहिवाटीचा हक्क पक्का होण्यास बारा वर्षे लागतात असा अभिप्राय दिला आणि कागद दुसऱ्या गठ्ठ्यात लावण्यास सांगितले.

दरम्यान व्यवस्थापकांची दृष्टी एका निराळ्याच ठिकाणी गेली. जळगावच्या विभागाची बेरीज जमत नव्हती: एकूण आणि खर्ची यांमध्ये सुमारे 70 गिगाबाइटचा फरक होता, आणि तरीही शिल्लक शून्य. भाच्याने सांगितले की ईएक्सटी-4 आपल्या जागेपैकी 5 टक्के जागा सर्वाधिकाऱ्यासाठी राखून ठेवते. सामान्य प्रजेसाठी डिस्क भरली तरी कारभाऱ्यास हालचाल करता यावी, हा हेतू. "गायरान!" नाना आणि मी एकदमच म्हणालो. व्यवस्थापकांनी ते गायरान तूर्त वाटून टाकण्याची सूचना मांडली, आणि गायरानाच्या बाबतीत आजवर जी जी सूचना मांडली गेली तिच्याइतकीच ती कळकळीची होती. नानांनी ती हाणून पाडली.

मग ठरले ते असे: धुळ्याची सर्व सामग्री बाहेर कोठेतरी उतरवून घ्यावी, त्यांचा फड मोडावा, लहान करून पुन्हा रचावा, आणि सामग्री परत भरावी. रास्त होते. भाच्याने विचारले, "मामा, बॅकअप कुठे असतो?" मी त्यास मोठ्या आत्मविश्वासाने दाखविले. रोज रात्री घेतलेली संपूर्ण प्रत त्याच सर्व्हरवर, त्याच डिस्कवर, मूळ सामग्रीच्या शेजारच्याच कप्प्यात सुखरूप होती. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर मी माझ्या बहिणीच्या चेहऱ्यावर पूर्वी पाहिली आहे.

भरीत पार्टीच्या त्याच आसोद्यात जन्मलेल्या आणि जळगावात नांदलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची सारी गाणी एकाच ठिकाणी, त्यांच्या स्मरणात, साठविलेली होती. मुलगा सोपानदेव आणि एक नातलग यांनी ती ऐकून कागदावर उतरवून घेतली नसती, तर 1951 च्या डिसेंबरात बहिणाबाईंबरोबर तीही गेली असती आणि 1952 साली पुस्तक निघालेच नसते. ज्या गावाने प्रत दुसऱ्या जागी ठेवण्याचे महत्त्व इतक्या थोड्या फरकाने अनुभवले, त्या गावच्या कचेरीत प्रत मुळाच्याच उशाला ठेवली जावी, यास काय म्हणावे? मी त्या दिवशी काहीच म्हणालो नाही, कारण तशी ठेवण्याच्या आदेशावर माझी सही होती.

बाहेर उतरवून घ्यावयाचे तर आणखी एक डिस्क हवी, म्हणून पुन्हा ठराव, पुन्हा तीन दरपत्रके, आणि तिसऱ्या दिवशी दुसरी डिस्क दारात. भाचा ती उघडणार इतक्यात नानांनी आपला मूळ प्रश्न पुन्हा उपस्थित केला. "तुम्ही बंधारा वाढविलात, पाट काढलात, फड मोडावयास निघालात. सहावा गठ्ठा कुणी उघडून पाहिला काय?"

केवळ वडीलधाऱ्यांचा मान राखावा म्हणून भाच्याने 'डीयू' ही आज्ञा दिली. डीएफ ही जमाबंदी असेल तर डीयू ही झडती आहे: ती एकेक कप्पा उचकटून कोणी किती जागा अडविली ते सांगते. भरीत पार्टी निघाली, पण ती अवघी 14 गिगाबाइट. प्रतींच्या प्रती निघाल्या. आणि सर्वांच्या वर, एका आडबाजूच्या कप्प्यात, एकच फाईल निघाली, 610 गिगाबाइटची. ती एक नोंदवही होती. धुळे शाखेतील प्रिंटर दहा महिन्यांपूर्वी मोडला होता. तो दुरुस्त होणार नाही असे ठरून अडगळीत गेला, परंतु त्याच्याकडे कागद धाडणाऱ्या कार्यक्रमास ही खबर कोणी दिली नाही. आणि तो इमानी सेवक गेले दहा महिने, रात्रंदिवस, सुटीच्या दिवशीही, सेकंदास शे-दोनशे ओळींच्या वेगाने एकच वाक्य लिहीत बसला होता: प्रिंटर सापडत नाही. एवढी निष्ठा, एवढे सातत्य आणि एवढा एकसुरीपणा मी फक्त काही वार्षिक अहवालांत पाहिला आहे.

फाईल पुसण्यात आली. डीएफ पाहिले. जळगाव: 100 टक्के.

आता मात्र भाचाही चरकला. पण नानांच्या मुद्रेवर समाधान पसरले. "मयत झाला, पण नाव कमी झाले नाही," ते म्हणाले. भाच्याने शोध घेतला तो काय, तसेच! लिनक्समध्ये फाईल पुसली म्हणजे तिचे नाव यादीतून जाते. परंतु जोवर एखादा चालू कार्यक्रम तिला हातात धरून आहे, तोवर तिची जागा मोकळी होत नाही. आमचा तो इमानी सेवक नामशेष झालेल्या वहीत अजूनही लिहीतच होता. सातबाऱ्यावर वारलेल्या आजोबांचे नाव तीन पिढ्या चालू राहते आणि वारस त्या नावावर कर्ज काढीत राहतात, त्यातलाच हा प्रकार. भाच्याने त्या सेवकास थांबविले, नोंदवही ठरावीक काळाने आपोआप निंदली जाईल अशी तजवीज केली, आणि पुन्हा डीएफ दिले. जळगाव: 55 टक्के.

म्हणजे कोणत्याच डिस्कची गरज नव्हती. हे वाक्य त्या खोलीत कोणी उच्चारले नाही, आणि सभेच्या इतिवृत्तातही ते आढळणार नाही. तेथे "साठवणक्षमतेत भरीव वाढ करण्यात आली" असे शब्द आहेत आणि ते अक्षरशः खरे आहेत. भाचा संध्याकाळच्या गाडीने धुळ्यास परतला. धुळे शाखेपाशी आजही 4 टेराबाइट जागा असून त्यांपैकी 9 टक्के वापरात आहे. दुसरी डिस्क खोक्यासह नानांच्या कपाटात आहे. आणि नव्या प्रिंटरसाठी धुळे शाखेने दहा महिन्यांपूर्वी केलेला अर्ज, जो या खटपटीत माझ्याच टेबलावर सापडला, तो खर्चाची तरतूद नाही या शेऱ्यासह दुसऱ्या गठ्ठ्यात लावला आहे.